फितुरी आणि कात्री

युद्धपटातला फितूर शेवटच्या क्षणापर्यंत प्रेक्षकांपासून लपवून ठेवावा, आणि त्याच्या फितुरीची मुळे सांगणारी उपकथानके वेगाच्या आड येत असतील तर ती बेलाशक कापावी, असे एक मत अलीकडे जाणत्या रसिकांतही सिद्धान्ताच्या थाटात मांडले जाते. विज्ञानकथेवरील युद्धपटांच्या बाबतीत तर ते अधिकच ठासून सांगितले जाते. तेथे ग्रह आहेत, याने आहेत, यंत्रमानव आहेत, अफाट सैन्ये आहेत. एवढ्या पसाऱ्यात एखाद्या वैद्याच्या मनातली कालवाकालव दाखवीत बसायला वेळ कोणाला आहे, असा प्रश्न केला जातो. प्रश्न सोपा वाटतो, आणि म्हणूनच तो लोकप्रिय झाला आहे. माझे म्हणणे याच्या नेमके उलट आहे. फितुरीच्या कथेतून कारण कापले की मागे केवळ चेहरा उरतो. आणि चेहऱ्यावरून फितूर ओळखण्याची सवय ज्या समाजाला जडते, त्या समाजात परमुलखात राहणाऱ्या निरपराध माणसाची धडगत नसते. तेव्हा हा वाद संकलकाच्या मेजापुरता नाही. घरापासून दूर नोकरी करणाऱ्या आपणांसारख्यांचा त्याच्याशी थेट संबंध आहे.

या वादात सर्वांत आधी जिचे नाव घ्यावे लागते ती कृती म्हणजे फ्रँक हर्बर्ट या अमेरिकन लेखकाची ‘ड्यून’ ही कादंबरी. १९६५ साली ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. वाळूने भरलेल्या अराकिस नावाच्या ग्रहाचा कारभार सम्राटाच्या हुकमाने लेटो अट्रायडीज या सरदाराकडे येतो. त्या ग्रहावर आधी सत्ता गाजवून गेलेले हार्कोनेन घराणे त्याच्या नाशाला टपलेले असते, आणि सम्राट आतून त्यांनाच सामील असतो. परंतु दरवाजा उघडतो तो घरातलाच माणूस, लेटोचा वैद्य युए. ज्या विद्यापीठात हा वैद्य घडला, तेथील वैद्यांच्या मनावर असे संस्कार केलेले असतात की रुग्णाचा घात त्यांच्या हातून होऊच शकत नाही, अशी साऱ्या साम्राज्याची श्रद्धा आहे. युएच्या कपाळावरचे गोंदण ही त्या श्रद्धेची राजमुद्राच. त्या श्रद्धेला तडा जातो तो एका कारणाने: त्याची पत्नी हार्कोनेनांच्या कैदेत आहे.

हर्बर्टने हा फितूर लपवला नाही. पुस्तकाच्या दुसऱ्याच प्रकरणात, शत्रूच्या वाड्यात चाललेल्या संभाषणातून, वाचकाला त्याचे नाव कळते. रहस्यकथेच्या मापाने पाहिले तर ही आत्महत्याच म्हणावी लागेल. पण हर्बर्टला रहस्यकथा लिहायची नव्हती. फितूर कोण, हा त्याचा प्रश्नच नव्हता. घरात फितूर आहे एवढी कुणकुण लागल्यावर घराचे काय होते, हा त्याचा प्रश्न होता. आणि त्याचे उत्तर त्याने ज्या उपकथानकांत दिले, नेमकी तीच चित्रपटात कात्रीखाली गेली आहेत.

ती कोणती, ते थोडे विस्ताराने पाहू. शत्रू असा डाव रचतो की हाती लागलेल्या एका कागदावरून संशयाची सुई लेटोची सहचारिणी जेसिका हिच्यावर येऊन थांबावी. थुफीर हवात हा घराण्याचा वृद्ध सल्लागार. त्याचे डोके गणकयंत्रासारखे चालते अशी त्याची ख्याती. तो पुरावे मांडतो, बेरीज करतो आणि सर्वस्वी निष्पाप स्त्रीला गुन्हेगार ठरवतो. खरा फितूर मात्र रोज त्याच्या डोळ्यांसमोर वावरत असतो. घात झाल्यानंतरही हा संशय मरत नाही. गर्नी हॅलेक हा निष्ठावंत योद्धा जेसिकानेच धन्याचा घात केला असे मानून सूड उराशी बाळगतो आणि पुढे गाठ पडते तेव्हा तिच्यावर सुरी उगारतो. हवात शत्रूच्या तावडीत सापडतो. त्याच्या अंगात विष भिनवलेले, आणि त्याचा उतारा धन्याच्या मर्जीनुसार अन्नातून मिळणारा, अशा लाचार अवस्थेत तो शत्रूची चाकरी करतो. तीही जेसिकाच दोषी या समजुतीने. अखेरीस लेटोच्या मुलावर विषारी सुई चालवण्याची कामगिरी त्याच्यावर येते, तेव्हा तो ती नाकारतो आणि मरण पत्करतो. युएने एका रात्रीत किल्ला पाडला हे खरे. परंतु त्या रात्रीने निष्ठावंतांची मने जी नासवली, ती पुढे कितीतरी काळ नासतच राहिली. फितुरीची खरी किंमत ही आहे.

आणखी एक प्रसंग आहे तो मेजवानीचा. नव्या राजधानीत लेटो गावातल्या बड्या मंडळींना जेवायला बोलावतो. पाणी विकून गब्बर झालेला व्यापारी, चोरटी वाहतूक करणारा, पेढीचा प्रतिनिधी अशा साऱ्यांची पंगत बसते, आणि प्रत्येक जण दुसऱ्याच्या शब्दाला तोलून पाहतो. तलवार एकही उपसली जात नाही, पण युद्ध तेथेच सुरू झालेले असते. कचेरीतल्या बैठकींचा ज्यांना अनुभव आहे त्यांना या प्रसंगाची थोरवी निराळी समजावून सांगायला नको.

आता चित्रपटांकडे वळू. डेव्हिड लिंच यांचा १९८४ चा ‘ड्यून’ १३७ मिनिटांचा होता. त्यात ही मेजवानी नाही. पुढे १९८८ साली दूरचित्रवाणीसाठी त्याची लांबवलेली आवृत्ती तयार करण्यात आली. ती लिंच यांना मान्य नव्हती, म्हणून त्यांनी आपले नाव काढून घेतले. दिग्दर्शक म्हणून ‘ॲलन स्मिथी’ हे हॉलिवुडमधील ठरावीक टोपणनाव आले आणि पटकथाकार म्हणून ‘जुडास बूथ’ हे नाव झळकले. येशूला पकडून देणारा तो जुडास, आणि १८६५ साली अब्राहम लिंकन यांच्यावर गोळी झाडणारा तो बूथ! फितुरीच्या कथेची अशी तोडजोड व्हावी आणि तिच्या श्रेयनामावलीतच कर्त्याला जगप्रसिद्ध घातक्यांची नावे कोरावी लागावी, याहून बोलका निषेध कोणता? या प्रकरणातून आणखीही एक धडा मिळतो. मिनिटे वाढवली म्हणजे कथेला न्याय मिळतो असे नाही. कापण्यात जसा अविवेक असतो तसा जोडण्यातही असतो. म्हणूनच ‘मग चार तासांचा चित्रपट काढायचा का?’ हा प्रतिपक्षाचा आवडता प्रश्न मुळातच गैरलागू आहे.

डेनी विलेनव्ह यांचे २०२१ आणि २०२४ चे दोन भाग यापेक्षा फार वरच्या दर्जाचे आहेत, यात शंका नाही. वाळवंटाचे इतके भव्य दर्शन पडद्यावर क्वचितच घडले असेल. परंतु पहिल्या भागात जेसिकावरील संशयाचे उपकथानक नाही. ज्याने पुस्तक वाचलेले नाही त्या प्रेक्षकाला युए फितूर असल्याचे कळते ते घात होतो तेव्हाच, आणि पत्नीचे कारण चारदोन वाक्यांत आटोपते. दुसऱ्या भागात थुफीर हवात दिसतच नाही. त्याला गाळणे ही आपल्यासाठी अत्यंत क्लेशकारक निवड होती, असे दिग्दर्शकांनी स्वतः सांगितले आहे. त्यांना कथा जेसिकाच्या भगिनीसंघाच्या बाजूने सांगायची होती, म्हणून गणकबुद्धीच्या माणसांना जागा उरली नाही.

येथे प्रतिपक्षाचे सर्वांत बळकट म्हणणे पुढे येते, आणि ते टाळून जाणे मला योग्य वाटत नाही. दिग्दर्शक हा कादंबरीचा नकलनवीस नव्हे. कोणाच्या डोळ्यांनी कथा पाहायची हे ठरवण्याचा त्याला अधिकार आहे. आणि एक बाजू उजळायची तर दुसरी अंधारात जाणारच. हे सगळे मला मान्य आहे. मात्र अधिकार मान्य केला म्हणून किंमत मोजू नये असे थोडेच आहे? ती किंमत कोणती ते पाहा. २०२१ च्या चित्रपटात युएची भूमिका चँग चेन या तैवानच्या गुणी नटाने केली आहे. अट्रायडीजांच्या निकटच्या मंडळींत पूर्व आशियाई चेहऱ्याचा माणूस तो एवढाच. तो एकदा लेटोच्या मुलाला चिनी भाषेत गुपचूप सावधही करतो. दिग्दर्शकांच्या मनात काही वावगे असेल असे मी क्षणभरही सुचवीत नाही. परंतु कारण चार वाक्यांत उरकले, संशयाने पोळलेली निष्पाप जेसिका गाळली, चुकीची बेरीज करणारा हवात गाळला. मग प्रेक्षक घरी काय घेऊन जातो? घरात एक निराळ्या चेहऱ्याचा, निराळी भाषा बोलणारा माणूस होता आणि तोच घरभेदी निघाला, एवढेच. मूळ कादंबरी सांगते की आपण ज्याच्यावर संशय घेतो तो बहुधा निर्दोष असतो. कात्री लागल्यावर तीच कथा नकळत सांगू लागते की परक्यावर संशय घेतलेला बरा.

हा दोष एकट्या हॉलिवुडचा नाही. ज्या चेन्नईच्या छायेत आपल्यापैकी पुष्कळांचे दिवस जातात, तेथेच तयार झालेला शंकर यांचा ‘एन्दिरन्’ हा चित्रपट आठवा. १ ऑक्टोबर २०१० रोजी तो प्रदर्शित झाला. हिंदीत आपण त्याला ‘रोबोट’ म्हणून ओळखतो. त्याच्या संवादलेखनात सुजाता या थोर तमिळ विज्ञानकथाकाराचा हात होता. चित्रपट पुरा होण्याआधीच, २००८ साली, ते निवर्तले. कथेतला वैज्ञानिक वसीगरन भारतीय सैन्यासाठी यंत्रमानव घडवतो. त्याचा घात करतो त्याचाच गुरू, डॉक्टर बोरा. परकीय दहशतवाद्यांशी याचे संधान. आणि टाकून दिलेल्या यंत्रमानवात हाच संहाराची तबकडी बसवतो. बोरा हे आडनाव आसामात सर्रास आढळते, आपल्याकडे नगर-पुण्याच्या व्यापारी कुटुंबांतही आहे. तमिळ मुलखातले ते नव्हे. भूमिका केली आहे सिक्कीमच्या डॅनी डेन्झोंग्पा यांनी, आणि उत्तम केली आहे. पण गुरूने शिष्याचा आणि देशाचा घात का करावा? त्याच्या विद्येचा मत्सर, अपयश, पैशाचा पेच यांची नुसती यादी मिळते, कथा मिळत नाही. वेळ नव्हता म्हणावे, तर अखेरच्या लढाईत यंत्रमानवांचा कधी गोळा, कधी सर्प, कधी महाकाय पुरुष उभारायला वेळ भरपूर आहे. तेव्हा ‘वेळ नाही’ ही सबब खरी नव्हे. वेळ असतो, तो कशावर खर्चावा याचा विवेक नसतो.

कोणी म्हणेल, हे सगळे कल्पनेतले ग्रह आणि कल्पनेतली यंत्रे. त्यांच्या फितुरीचे एवढे मनावर काय घ्यायचे? तर मग प्रत्यक्ष इतिहासावरच्या आणि आपल्या अगदी जिव्हाळ्याच्या चित्रपटाचे उदाहरण घेऊ. ‘छावा’ हा हिंदी चित्रपट १४ फेब्रुवारी २०२५ रोजी प्रदर्शित झाला. त्याआधी, जानेवारीत, संभाजी महाराज लेझीम खेळताना दाखवल्यावरून गदारोळ उठला आणि दिग्दर्शक लक्ष्मण उतेकर यांनी ते दृश्य कापले. प्रदर्शनानंतर शिर्के घराण्याच्या वंशजांनी आपल्या पूर्वजांना फितूर दाखवल्याबद्दल हरकत घेतली. तेव्हा उतेकर यांनी दिलगिरी व्यक्त करून खुलासा केला की चित्रपटात गणोजी आणि कान्होजी एवढीच नावे आहेत, आडनावाचा उच्चार नाही. दोन्ही वादांत चर्चा झाली ती कोणते दृश्य दिसावे आणि कोणते नाव उच्चारावे याची. माणूस धन्यापासून का तुटतो, हा प्रश्न वादी किंवा प्रतिवादी यांपैकी कोणीही लावून धरला नाही.

वास्तविक येथे उपकथानक म्हणावे असे जे आहे, ते मुख्य कथेच्या तोडीचे आहे. गणोजी शिर्के हे शिवाजी महाराजांचे जावई आणि येसूबाईंचे बंधू. वतनाचा प्रश्न त्यांच्या आणि राज्याच्या मध्ये उभा होता. वतने न देण्याचे थोरल्या महाराजांचे धोरण राज्याच्या हिताचे होते, आणि पिढीजात वतनदाराला ते जिव्हारी लागणारेही होते. १ फेब्रुवारी १६८९ रोजी संगमेश्वरी संभाजी महाराज पकडले गेले, त्यात शिर्क्यांचा हात किती, यावर अभ्यासकांत आजही एकमत नाही. पाँडिचेरीच्या फ्रेंच वसाहतीचा प्रमुख फ्रान्स्वा मार्तँ याच्या नोंदींवरून काही जण बोट दुसरीकडेच, दरबारच्या कारभाऱ्यांकडे, दाखवतात. निकाल देण्याचा अधिकार माझा नाही. मी एवढेच म्हणतो की पुढचे प्रकरण वाचल्याशिवाय कोणीही निकाल देऊ नये.

ते पुढचे प्रकरण याच तमिळ मुलखात घडले. राजाराम महाराज जिंजीला आले, आणि झुल्फिकारखानाचा वेढा वर्षानुवर्षे चालला. १६९८ च्या आरंभी किल्ला पडला, परंतु महाराज त्याआधीच निसटले होते. कसे निसटले? आपल्या इतिहासग्रंथांतून येणारी हकीगत अशी की मोगलांच्या छावणीत असलेल्या गणोजी शिर्क्यांनीच त्यांना वेढ्यातून बाहेर काढण्यास साहाय्य केले. त्यासाठी खंडो बल्लाळ चिटणीस यांनी दाभोळचे आपले वतन शिर्क्यांच्या पदरात टाकले. हे खंडो बल्लाळ कोण? बाळाजी आवजी चिटणीस यांचे पुत्र. ज्या बाळाजींना १६८१ साली कटाच्या संशयावरून संभाजी महाराजांच्या आज्ञेने मृत्युदंड झाला त्यांचे! ज्याच्या बापावर फितुरीचा शिक्का बसला तो लेखणीचा धनी आपले वतन सोडून राजा वाचवतो, आणि ज्याच्या नावावर फितुरीचा कलंक आहे तो सरदार शत्रूच्या गोटात राहून त्याला वाट करून देतो. हे वगळून फितुरीची कथा सांगणे म्हणजे काय? सूर्याजी पिसाळ हे नाव आपण शिवीसारखे वापरतो, ‘कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ’ ही म्हण येता-जाता फेकतो. पण दांडा कोणत्या झाडाचा आणि तो कुऱ्हाडीला कोणी बसवला, हे विचारायचे राहून जाते. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश झाला, त्यात जिंजीही आहे. किल्ला पाहायला आपली माणसे आता अधिक संख्येने येतील. तेथे उभे राहून त्यांनी ही गोष्टही सांगावी.

जिंजीहून समुद्राकडे आले की चेन्नईच्या दक्षिणेस, पूर्व किनारा मार्गावर, सुमारे चाळीस किलोमीटरांवर हे कोवलम लागते. इंग्रज त्याला कोवलाँग म्हणत. अठराव्या शतकाच्या मध्यास येथे नबाबाच्या ताब्यातला एक लहान किल्ला होता. तो फ्रेंचांनी कसा घेतला याची हकीगत रॉबर्ट ऑर्म या इंग्रज इतिहासकाराने नोंदली आहे. एक फ्रेंच गलबत किनाऱ्यापाशी नांगर टाकून संकटाच्या खुणा करू लागले. खलाशी रोगाने मेले, उरलेले मरणाच्या पंथाला लागले आहेत, त्यांना किनाऱ्यावर उतरू द्यावे, अशी विनवणी झाली. किल्लेदाराला दया आली. तीसएक खंगलेले फ्रेंच आजाऱ्याचे सोंग करून आत आले. त्यांच्या कपड्यांखाली शस्त्रे होती. त्या रात्री त्यांनी किल्ला घेतला. पुढे १७५२ साली क्लाइव्हने तो जिंकला आणि सुरुंग लावून उडवला. त्या जागी आज एक आलिशान हॉटेल आहे.

वेगाच्या भक्तांना ही गोष्ट दिली तर ते काय ठेवतील? अंधार, कपड्यांखालून निघणाऱ्या तलवारी, किंकाळ्या. दिवसाचा भाग ते उपकथानक म्हणून कापतील. परंतु गोष्टीचे मर्म त्या दिवसातच आहे. कापून उरलेल्या गोष्टीचा बोध असा निघेल की परक्याला दारात उभे करू नये. पुरी गोष्ट सांगितली तर कळते की येथे घात झाला तो दयेचा. अशा घातानंतर सर्वांत मोठे नुकसान कोणाचे होते? किल्लेदाराचे नव्हे. यापुढे खरोखरीच आजारी खलाशांचे गलबत या किनाऱ्याला लागेल आणि कोणी त्यांना आत घेणार नाही, त्यांचे. फितुरीचा दंड फितुराला क्वचितच होतो. तो त्याच्यासारख्या दिसणाऱ्यांना होतो.

हे केवळ कल्पनेने म्हणत नाही. १९६२ च्या चीन-युद्धानंतर आपल्याच देशात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या चिनी वंशाच्या सुमारे तीन हजार लोकांना राजस्थानातील देवळीच्या छावणीत स्थानबद्ध करण्यात आले. त्यांत दुकानदार होते, कारागीर होते, स्त्रिया-मुले होती. त्यांचा गुन्हा एकच: चेहरा.

आणि चेहरा निराळा नसला तरी सुटका असतेच असे नाही. या कोवलमचे एक नामसदृश गाव केरळात, तिरुवनंतपुरमजवळ, आहे. त्या तिरुवनंतपुरममध्ये १९९४ साली अवकाश संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञ नंबी नारायणन यांना रॉकेटविद्येची गुपिते परक्यांना विकल्याच्या आरोपावरून अटक झाली. पन्नास दिवस त्यांनी कोठडीत काढले. १९९६ साली केंद्रीय अन्वेषण विभागाने आरोपांत तथ्य नसल्याचे न्यायालयास सांगितले. सर्वोच्च न्यायालयाने त्यांना पन्नास लाख रुपयांची भरपाई देवविली ती २०१८ साली; पुढच्या वर्षी पद्मभूषण मिळाले. अटक आणि भरपाई यांच्यामध्ये चोवीस वर्षे गेली. अटकेच्या दिवशीची कथा वाचणाऱ्याला किती सुटसुटीत वाटली असेल! रॉकेट, परदेशी स्त्री, गुपिते, देशद्रोही शास्त्रज्ञ: युद्धपटाला हवे ते सगळे तीत होते. नव्हते ते एकच. कोणीही शांतपणे विचारले नाही की या माणसाने हे का करावे, आणि करायचे म्हटले तरी ते घडावे कसे. ‘उपकथानक’ म्हणून जे हेटाळले जाते ते हेच दोन प्रश्न होत. २०२२ मध्ये त्यांच्या आयुष्यावर ‘रॉकेट्री’ हा चित्रपट निघाला हे चांगले झाले. पण तो निर्दोष ठरलेल्या माणसाचा चित्रपट होता. निर्दोष ठरण्यापूर्वीच्या माणसाची बाजू घेणारी कथा लिहिणे याहून अवघड आहे, आणि गरज तिचीच अधिक असते.

सरकारी कामाची ज्यांना सवय आहे त्यांना एका दाखल्याने सांगतो. प्रत्येक नस्तीत दोन गोष्टी असतात: टिपणी आणि आदेश. टिपणीची पाने फाडून नुसता आदेश ठेवला तर नस्ती हलकी होते, झटपट वाचून होते, आणि वाचणाऱ्याला निर्णय झाला एवढे कळतेही. पण तो न्याय्य होता का, कोणी कशाच्या आधारे काय सुचवले, कोणी विरोध नोंदवला आणि तो का डावलला गेला, यांतले काही कळत नाही. अशा नस्तीवर विसंबून कोणा सहकाऱ्यावर ठपका ठेवायला आपल्यापैकी कोणी तयार होईल का? मग टिपणी फाडलेली कथा पाहून आपण एखाद्या जातीवर, प्रांतावर, आडनावावर ठपका कसा ठेवतो?

मी उपकथानकांचा सरसकट कैवार घेत नाही. नायकाचे नृत्य कापा, अर्ध्या तासाचा पाठलाग पाच मिनिटांवर आणा, तिसरा स्फोट वगळा. कथेचे काही बिघडत नाही. दागिना उतरवला म्हणून शरीर पंगू होत नाही. सांधा कापला म्हणजे होते. फितुराचे कारण, निष्ठावंतावरचा खोटा संशय, आणि फितूर ठरलेल्याचे पुढे काय झाले, हे फितुरीच्या कथेचे तीन सांधे आहेत. रामायणाने बिभीषणाला दूत म्हणून उभे केले नाही, की हेर म्हणूनही नाही. त्याने भावाला भर सभेत काय सांगितले आणि भावाने त्याला कसे हाकलले, हे आधी सविस्तर सांगितले. त्यानंतर तो समुद्र ओलांडून आला. सुग्रीवाच्या सैन्यात त्याच्यावर संशय घेतला गेला, त्यावर खल झाला, आणि मगच त्याला आश्रय मिळाला. तेवढे सांगितले म्हणूनच तो घरभेदी की धर्मनिष्ठ, यावर आपण आजही वाद घालू शकतो. एवढ्या मोठ्या युद्धाच्या कथेत त्या प्रसंगाला जागा मिळाली, तर आपल्या पटकथाकारांनाही ती काढता येईल.

आपण सारे आपल्या मुलखाबाहेर आहोत. बाजारात, कचेरीत, शेजारात आपली भाषा निराळी पडते, नाव निराळे पडते. बहुतेक दिवस त्याचे कोणाला काही वाटत नाही, आणि या मातीच्या माणसांचा सौजन्याचा स्वभाव पाहता वाटू नयेच. परंतु युद्धाचे वारे सुटले, अफवा उठली, किंवा साध्या कचेरीतून एखादा कागद बाहेर फुटला, की पहिली नजर निराळ्याकडेच वळते. मुंबईत किंवा पुण्यात येणाऱ्या परप्रांतीयाकडे आपली नजर कशी वळते, हेही त्याच वेळी स्वतःला विचारावे. ही नजर घडवण्यात कथांचा वाटा मोठा असतो. पुढच्या वेळी एखाद्या युद्धपटात फितूर उघडा पडेल आणि चित्रपटगृहात टाळ्या वाजतील, तेव्हा टाळी देण्यापूर्वी एवढे पाहावे: याने घात का केला, याच्याऐवजी आधी कोणावर आळ आला, आणि त्या आळाचे पुढे काय झाले. तिन्हींची उत्तरे पडद्यावर नसतील, तर ती टाळी फितुरीच्या निषेधाची नाही. ती संशयाला दिलेली आहे, आणि संशयाला सवय लागली की तो उद्या कोणाचे दार ठोठावील याचा नेम नाही.